गाडीमास्तरचा परगोला

४ जानेवारी, रविवार

डॉक्टर म्हणाला, "नुसत्या गोळ्यांनी तुमचा रक्तदाब उतरायचा नाही. राग मनात साठवू नका, वहीत लिहून काढा." मनात साठवते म्हणे! माझ्या तोंडाची ख्याती त्याच्यापर्यंत पोचलेली दिसत नाही. तरी वही आणली. निम्म्या पानांवरच्या रेघा तिरक्या. दुकानदाराला दाखवल्या तर म्हणाला, "लिहायला काय अडतंय?" असली माणसं दुकानं चालवतात.

तर आजचा राग. सकाळी परसाचं फाटक करकरलं. बघते तर आमचे जावई. एका हातात बादली, खांद्यावर शिडी. लेक नवऱ्याला सोडून दोन बॅगा घेऊन माहेरी आली, कोर्टात अर्ज गेला, आणि हे गृहस्थ मागच्या फाटकाने हजर! मी विचारलं, "काय काम काढलंत?"

"परगोल्याची निगा, आई. पानं साचली की लाकूड ओलं राहतं. वेळच्या वेळी झाडायला हवं."

अजून आई म्हणतात.

परगोला म्हणजे चार लाकडी खांब, त्यांवर दोन तुळया, तुळयांवर आडव्या पट्ट्या, पट्ट्यांवर कृष्णकमळाचा वेल. वर छप्पर नाही. ऊन आत, पाऊस आत, पाखरांचं नको ते आत. दोन वर्षांपूर्वी आमचे हे निवृत्त झाले तेव्हा जावयांनी स्वतःच्या हातांनी बांधून दिला. बांधला कुठे? परसाच्या पार टोकाला, कुंपणाला चिकटून. स्वयंपाकघराला लागून बांधला असता तर निदान बसून भाजी तरी निवडता आली असती. आता ह्यांना हाक मारायची तर घसा फोडावा लागतो, तरी ऐकू जात नाही. आणि ही जागा म्हणे ह्यांनीच दाखवली. दोघं एकाच मातीचे.

जावयांचा धंदा लोकांना गाडी चालवायला शिकवण्याचा. शेजारच्या सीटवर बसायचं आणि पायाखाली वेगळा ब्रेक. आयुष्यभर दुसऱ्याच्या चुकांशेजारी बसून पगार खाणारा माणूस. मी त्यांना मनात गाडीमास्तर म्हणते.

२५ जानेवारी, रविवार

गाडीमास्तर आले, पानं झाडली, बोल्ट आवळले, गेले. लेक खोलीतून बाहेर आली नाही. पडदा मात्र हलत होता. वारा नव्हता.

जेवताना ह्यांच्या हातून पाणी सांडलं. लेक म्हणाली, "सांडलंत परत? बाबा, एक पेला धरता येत नाही?" असा काही सूर लावला की माझा घास हातात राहिला. ह्यांनी फडकं आणून पुसलं. मीच म्हटलं, "त्या फडक्याने नाही, ते भांड्यांचं आहे."

कुठून उचलला हिने हा सूर? माझ्या सासूचा असणार. ती बाई मेली तरी तोंड मागे ठेवून गेली.

१ मार्च, रविवार

आज गाडीमास्तरांनी परगोला धुवायला काढला. मऊ ब्रशने साबणपाणी, मग स्वच्छ पाणी. वाळल्यावर पॉलिश पेपरने घासणं, मग जवसाचं तेल. वर्षातून एकदा हे केलं नाही तर लाकूड करडं पडतं आणि फाकतं, असं ह्यांना समजावून सांगत होते. हे माना डोलावत होते. घरातली एक कडी ह्यांनी आजवर स्वतः बसवली नाही.

मी खिडकीतून पाहिलं आणि राहवलं नाही. तयार कपड्यांच्या कारखान्यात मी जन्मभर तपासनीस होते. शर्ट टेबलावर आला की आधी काखेची शिवण, मग कॉलरची टोकं, मग काजं. खोट दिसली की लाल चिकटपट्टी. माझ्या टेबलावरून वाकडी शिवण बाहेर गेली नाही. आणि इथे हा माणूस लाकूड आडवं घासत होता!

मी बाहेर गेले आणि म्हटलं, "रेषांच्या उलट घासताय. ओरखडे पडतील."

"दाखवता?" त्यांनी पॉलिश पेपर माझ्या हातात दिला.

दाखवलं. दाखवता दाखवता एक अख्खा खांब घासून झाला. माझंच चुकलं, एकदा हात घातला की मला अर्धवट सोडवत नाही. त्यांनी घासलेला आणि मी घासलेला खांब शेजारी शेजारी उभे आहेत; आंधळ्यालाही कळेल. हे हसून म्हणाले, "पुढच्या रविवारी दुसरा घास." जावयासमोर थट्टा!

चहा जास्त झाला होता म्हणून त्यांना एक कप दिला. ओतून टाकायचा कशाला?

१५ मार्च, रविवार

तेल लावलं. गाडीमास्तर भसाभसा लावतात, ओघळ उतरतात. मी मागून फडक्याने पुसत होते. म्हटलं, "तुम्हाला कुणी शिकवलं हे?"

"कुणी नाही. चुकत चुकत शिकलो."

"दिसतंय ते."

हसले. या माणसाला काही लागत नाही. भिंतीशी बोलावं तसं. लेक म्हणते तेच खरं, "आई, तो उलटून बोलतच नाही गं. भांडायलासुद्धा माणूस लागतो." बिचारी. माझी लेक आहे, तिला खोट दिसते. घडी उलटी घातलेला टॉवेल तिला बघवत नाही. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेत ती कामाला आहे. केसाएवढा फरक राहिला तर माणसाला चावता येत नाही. अशी नजर घेऊन ती घरी येणार आणि समोर हा ओघळवाला.

५ एप्रिल, रविवार

ऊन वाढलं. वेल वेड्यासारखा पसरलाय. जास्त वजन झालं तर पट्ट्या वाकतात म्हणून गाडीमास्तर विरळणी करत होते आणि हे खाली बसून कापलेल्या फांद्या गोळा करत होते. मी कपडे वाळत घालायला म्हणून दोरीपाशी गेले. चादरीच्या आड होते, म्हणून बोलणं ऐकू आलं. मुद्दाम ऐकलं नाही.

गाडीमास्तर म्हणत होते, "संध्याकाळी घरी आलो की मी दाराबाहेर थांबायचो, बाबा. किल्ली हातात धरून. आज काय चुकलं असेल ते आठवायचो. मग आत जायचो."

हे म्हणाले, "आणि जे आठवलं ते नसायचंच, ना?"

"नसायचंच."

दोघेही हसले. काय हसण्यासारखं होतं त्यात? इतक्या दुबळ्या मनाने संसार होत नसतात. चुकलं नाही तर घाबरायचं कशाला, आणि चुकलं असेल तर सुधारायचं. दोन ओळींत संपला विषय.

चादर दोनदा वाळत घातली. पहिल्यांदा उलटी घातली होती.

६ मे, बुधवार

डॉक्टरने यंत्र लावलं आणि भुवया उंचावल्या. रक्तदाब उतरलाय. "काय बदल केलात?" म्हणाला. म्हटलं, "काही नाही. तुमच्या गोळ्या उशिरा का होईना चालल्या." रविवारी अंगमेहनत होते का विचारलं. म्हटलं, "मी काय गवंडी आहे?" रविवारी बोल्टना लावलेलं तेल नखांतून अजून निघत नाही, ती पदराखाली धरली.

७ जून, रविवार

लेकीशी वाजलं. ती म्हणाली, "आई, तो का येतो दर रविवारी? तू त्याचं येणं बंद कर."

"येतो लाकडासाठी. आपलं काय जातं?"

"तू चहा देतेस त्याला."

"उरलेला."

"तू आता उरेल असाच टाकतेस! मला कळत नाही होय?"

इतकं बारीक बघायचं असतं का घरच्या माणसांकडे? मी म्हटलं, "आधी ते ताट नीट सरळ ठेव, मग मला शिकव." ती ताट आपटून गेली. हे उठून परगोल्याखाली जाऊन बसले. भर उन्हात. तिथे काय हवा खातात देव जाणे.

१९ जुलै, रविवार

पावसाने चार दिवस पाठ सोडली नाही. आज उघडीप मिळताच गाडीमास्तर आले, खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि प्रत्येक खांबाच्या बुडाशी टोचून पाहिला. कुंपणाकडच्या खांबात तो लोण्यात जावा तसा आत गेला.

"कुजलाय," ते म्हणाले. "मीच मूर्ख. खांब थेट मातीत पुरले. खाली लोखंडी बूट घालून जमिनीपासून उचलायला हवे होते."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा ह्या माणसाची खोट मी न दाखवता त्यांनी स्वतः दाखवली. मला काही सुचलं नाही. म्हणजे बोलायला होतं खूप, पण आधीच बोलून झालेल्या गोष्टीत मजा नसते.

हे नेमके त्या खांबाला टेकून बसतात. सगळं वजन वरून आलं असतं तर? मी ह्यांना खुर्ची घरात आणायला सांगितली. आणली नाही. दुसऱ्या खांबाशी नेऊन ठेवली.

२ ऑगस्ट, रविवार

खांबाचा कुजलेला भाग कापायचा, तुळई तोवर टेकूवर धरायची, खाली सिमेंटचा चौथरा आणि लोखंडी बूट, मग नवं लाकूड जोडायचं, असा बेत ठरला. गाडीमास्तर गाडीचा जॅक आणणार आहेत. चार माणसं लागतील. चौथं कोण, ते कुणी बोललं नाही. सगळ्यांनी खिडकीकडे पाहिलं.

९ ऑगस्ट, रविवार

आज लिहायचं नव्हतं, पण लिहिते.

लेकीला बाहेर काढलं ह्यांनी. आत जाऊन म्हणाले, "तुझ्या नवऱ्यासाठी नको, माझ्या खुर्चीसाठी ये." आली. तोंडाला कुलूप, हातात पाणसळ. गाडीमास्तर गुडघ्यांवर बसून जॅक फिरवत होते, तुळई केसाकेसाने वर उचलली जात होती. मी टेकू धरला होता. हे वेल बाजूला धरून. लेक पाणसळीतल्या बुडबुड्याकडे बघून सांगत होती. सगळं नीट चाललं होतं. मला तर वाटलं, चला, एवढ्याने तरी दोघं शेजारी उभी राहिली.

"डावीकडे," लेक म्हणाली. खांब उजवीकडे सरकला. "डावीकडे म्हटलं ना! एवढं साधं कळत नाही? कुणी ठेवलं तुला लोकांना शिकवायला?"

गाडीमास्तर थांबले. टेकू पक्का आहे का ते हाताने तपासलं. मग उठले, पॅन्टला हात पुसले.

"हाच तो आवाज," ते म्हणाले. ओरडून नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. "तू बॅगा भरल्यास तेव्हा मी अडवलं नाही. तुला वाटलं, याला काही फरक पडत नाही. पडत होता. पण तू गेलीस आणि त्या संध्याकाळी घरात मला पहिल्यांदा बरं वाटलं. त्याची मला अजून लाज वाटते. म्हणून इथे येतो. म्हटलं, कधीतरी तू बाहेर येशील, दुसऱ्या कुठल्या तरी आवाजात बोलशील."

लेकीचा चेहरा पांढरा पडला. "मी काय मुद्दाम बोलते?" ती म्हणाली. "मला दुसरं बोलताच येत नाही!" आणि तिने माझ्याकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतेस?" मी म्हटलं.

मग हे बोलले. वेल हातात तसाच धरलेला, माझ्याकडे न बघता. "अगं, हा परगोला हाकेच्या पलीकडे का मागितला मी, काय वाटतं तुला?"

"हवा येते म्हणून."

"हवा घरातही आहे."

एवढंच.

तुळई अधांतरी सोडून कुणाला जाता येत नव्हतं, म्हणून काम पूर्ण केलं. लेक नुसती बोटाने दाखवत होती, डावीकडे, उजवीकडे. ऊन उतरेपर्यंत खांब उभा राहिला. अगदी ओळंब्यात.

१० ऑगस्ट, सोमवार

काही लिहिण्यासारखं नाही.

२३ ऑगस्ट, रविवार

पंधरा दिवस झाले, परसात पाऊल टाकलेलं नाही. टाकणारही नाही.

हवा घरातही आहे म्हणे! ज्या घरात हवा आहे ते घर झाडलं कुणी? ह्यांच्या सदऱ्याची बटणं एकसारखी दिसतात ती कुणामुळे? लेकीचं अक्षर मोत्यासारखं आहे ते काय आपोआप झालं? पान फाडून पुन्हा लिहायला लावलं तेव्हा झालं. कौतुक करणाऱ्या आया मला माहीत आहेत. कारखान्यात त्यांचीच पोरं यायची आणि पहिली बाही उलटी जोडायची. मी बोलले म्हणून हे घर उभं आहे. बोलले नसते तर ह्या दोघांनी हसत हसत बसून खांब कुजू दिला असता.

कुजलाच म्हणा. पण तो माझ्या बोलण्याने नाही कुजला.

हे नेहमीप्रमाणे जेवतात, नेहमीप्रमाणे बाहेर जाऊन बसतात. रागावलेले नाहीत. मी काल विचारलं, "भाजी कशी झालीय?" म्हणाले, "छान." आधीही छानच म्हणायचे. आता तो शब्द मला कसातरी लागतो. किती वर्षं नुसता वेळ मारून नेत होते कोण जाणे.

२० सप्टेंबर, रविवार

लेकीने प्रयोगशाळेजवळ खोली घेतली. बॅगा भरताना मी घड्या घालून देत होते. तिने एक सदरा चुरगाळून कोंबला. माझ्या ओठांवर आलं होतं. गिळलं. ती माझ्याकडे बघून चक्क हसली, म्हणाली, "बोल, बोल. फुटशील नाही तर."

"मला काही बोलायचं नाही."

"आई, मी थोडे दिवस एकटी राहते. बोलायला समोर कुणी नसलं की आपला आवाज आपल्याला ऐकू येतो म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"बाबा."

ह्यांना बाहेर बसून बसून तत्त्वज्ञान सुचायला लागलंय.

जाताना तिने मला मिठी मारली. आमच्यात ती पद्धत नाही. माझे हात कुठे ठेवायचे ते मला कळेना.

१५ ऑक्टोबर, गुरुवार

कोर्टाचा निकाल झाला. दोघांनी सह्या केल्या. सुटली एकदाची. चांगलंच झालं. असल्या ओघळवाल्या माणसाबरोबर माझ्या लेकीचं जमणार नव्हतं, हे मी पहिल्या दिवसापासून सांगत होते.

रात्री जेवण गेलं नाही. भात कच्चा राहिला होता बहुतेक. हे म्हणाले, "भात बरा आहे." म्हटलं, "तुमचं काय, तुम्हाला सगळंच छान असतं."

८ नोव्हेंबर, रविवार

गाडीमास्तर आले. मला वाटलं आता येणार नाहीत. निकालानंतरचे रविवार आले नव्हते. मी चहा टाकून वाट पाहिली असं काही नाही, पण दूध वाया गेलं.

मी पायऱ्या उतरून परसात गेले. कधी तरी जायचंच होतं.

म्हणाले, "आई, थंडीआधीचा तेलाचा हात द्यायला आलो. आणि तुम्हाला सगळं दाखवून ठेवतो. यापुढे मला यायला जमणार नाही."

हे म्हणाले, "का रे? तुझं येणं माझ्यासाठी होतं असं समज. येत जा."

"बाबा," ते म्हणाले, "मी लाकडासाठी येत नव्हतो. तुम्हाला माहीतच आहे."

मला माहीत नव्हतं. म्हणजे त्या ऑगस्टच्या रविवारी त्यांनी तोंडाने सांगितलं होतं, ते मी ऐकलं होतं; पण आज कुठे डोक्यात शिरलं. वर्षभर हा माणूस झाडलेलं पुन्हा झाडत होता, आवळलेला बोल्ट पुन्हा आवळत होता, एका हलणाऱ्या पडद्यासाठी. आणि मी मागून फडकं घेऊन ओघळ पुसत होते. पडदा हलतो हे मी त्यांना सांगितलं असतं तर? मला दिसत होता. त्यांची पाठ होती.

सांगून तरी काय झालं असतं. जाऊ दे.

त्यांनी एकेक गोष्ट दाखवली. कुठले बोल्ट गंजतात, वेल कुठून कापायचा, पाणी कुठल्या टोकाला साचतं. मी एकदाही मध्ये बोलले नाही. शेवटी त्यांनाच चुकल्यासारखं वाटलं. "काही राहिलं का, आई?"

"नाही," मी म्हटलं. आणि मग काय झालं कोण जाणे, तोंडातून गेलं, "नीट दाखवलंस रे बाबा."

एवढ्या वर्षांत मी त्यांना अरेतुरे केलं नव्हतं. ते शिडी उचलायला वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. शिडी काही एवढी जड नाही.

२९ नोव्हेंबर, रविवार

एकटीने पानं झाडली. बोल्ट आवळले. हे खुर्चीवर बसून "जरा उजवीकडे" वगैरे सांगत होते. आयुष्यात पहिल्यांदा सूचना देतात आणि तीही चुकीची. मी उजवीकडे झाडलं. तिथे एकही पान नव्हतं.

लेकीचा फोन आला. हाताखाली एक नवी मुलगी आलीय, तिने कवळी बिघडवली. लेक म्हणाली, "मी तोंड उघडलं आणि बंद केलं. मग विचारलं, कुठे अडलं? तर आई, तिला प्लास्टर कालवायचंच कुणी शिकवलं नव्हतं."

"मग तुझ्या कामाचा खोळंबा झाला असेल," मी म्हटलं.

"झाला ना," ती म्हणाली. आनंदात होती कार्टी.

१३ डिसेंबर, रविवार

काल पाऊस पडून गेला, अवेळीच. सकाळी गार होतं. हे परगोल्याखाली, खुर्चीऐवजी हल्ली आणलेल्या बाकावर, शाल घेऊन बसले होते. खिडकीतून पाहिलं, कानटोपी घातली नव्हती. हाक मारायला तोंड उघडलं. मग कानटोपी घेऊन मी स्वतःच गेले.

त्यांनी मला येताना पाहिलं आणि ताठ बसले. शाळेतली पोरं बसतात तसे. म्हणजे आपल्याला बघून माणसं अशी बसतात तर. हे मला इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं. मी नेहमी त्यांचे पाय चिखलाने भरलेत का तेच बघत आले असणार.

कानटोपी दिली. घातली. वाकडी. मी उभी राहिले.

"मी बसले तर चालेल का इथे?" मी विचारलं.

ते माझ्याकडे बघतच राहिले. मला वाटलं, नको म्हणतील. म्हणाले असते तर काय करायचं ते मी ठरवून आले नव्हते.

"अगं, बस की," ते म्हणाले. बाक ओला होता. ते सरकले आणि कोरडी बाजू मला दिली.

बसले. वरून एक थेंब माझ्या मानेवर पडला. पट्टीवर पाणी साचलं होतं, वेल एका बाजूला कलला होता, शालीचा काठ चिखलात लोळत होता आणि कानटोपी वाकडीच होती. किती तरी वेळ बसलो आम्ही. मी एक शब्द बोलले नाही. जीव नुसता मेटाकुटीला आला.